अल्झायमर यांना मेंदूत चरबी दिसली होती, पण त्या चरबीला महत्त्व यायला ८६ वर्षं लागली

आपल्याकडे म्हण आहे, साठी बुद्धी नाठी. म्हणजे वय झालं की माणूस विसरणारच, त्यात काय विशेष? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातल्या डॉक्टरांचंही साधारण हेच मत होतं. त्या मताला धक्का दिला तो डॉ. अलॉईस अल्झायमर यांनी.

१४ जून १८६४ रोजी जर्मनीतल्या बव्हेरियामधल्या मार्क्टब्राईट या छोट्या गावात त्यांचा जन्म झाला. वडील नोटरी होते. अल्झायमर १८८७ मध्ये डॉक्टर झाले आणि पुढच्याच वर्षी फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. तिथे त्यांना फ्रान्झ निसल हा सहकारी भेटला. मेंदूच्या पेशी रंगवून त्या सूक्ष्मदर्शकाखाली कशा पाहायच्या, यात निसल यांचा हातखंडा होता. दोघांची जोडी जमली. दिवसा रुग्ण तपासायचे आणि उरलेला वेळ सूक्ष्मदर्शकापाशी घालवायचा, असा दिनक्रम सुरू झाला.

१९०१ च्या फेब्रुवारीत त्यांची पत्नी सेसिली वारली. पदरात तीन लहान मुलं होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ५१ वर्षांची एक बाई रुग्णालयात दाखल झाली. वैद्यकाच्या इतिहासात ती ऑगस्टे डी. या नावाने ओळखली जाते. स्वतःचं नाव लिहायला सांगितलं की ती अर्ध्यातच थांबायची. पुढे काय लिहायचं, तेच विसरायची. ताटात फ्लॉवर असायचा आणि ती पालक आहे म्हणून सांगायची. हे म्हातारपण म्हणावं, तर वय अवघं ५१. अल्झायमर यांनी तिच्याशी झालेलं बोलणं बारकाईने नोंदवून ठेवलं.

१९०३ मध्ये ते एमिल क्रेपेलिन यांच्यासोबत म्युनिकला गेले. तिथे सुरुवातीला त्यांनी बिनपगारी काम केलं. पण फ्रँकफर्टच्या त्या बाईची विचारपूस त्यांनी सोडली नाही. एप्रिल १९०६ मध्ये ती गेली, तेव्हा तिचा मेंदू त्यांनी तपासणीसाठी मागवून घेतला.

चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या कापांमध्ये त्यांना पेशींबाहेर साचलेले ठिपके आणि पेशींच्या आत पिळलेल्या धाग्यांचे गुंते दिसले. ही दोन लक्षणं आज सगळ्यांना माहीत आहेत. तिसऱ्या गोष्टीकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशींमध्ये त्यांना चरबी साठलेली दिसली होती.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगनच्या परिषदेत त्यांनी हे सगळं मांडलं. सभागृहातून एकही प्रश्न आला नाही. १९०७ मध्ये त्यांचा छोटासा लेख छापून आला, त्यात या चरबीचाही उल्लेख होता. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर हे नाव दिलं.

आता ही चरबी महत्त्वाची का, ते बघू. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असतं, पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी २० टक्क्यांहून जास्त तिथे असतं. चेतातंतूंवरचं आवरण त्याच्याशिवाय बनत नाही. रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत शिरू शकत नाही, म्हणून मेंदू स्वतःचं स्वतः तयार करतो. जास्तीचं झालं की त्याचं रूप बदलून ते रक्तात सोडतो. मग यकृत त्यापासून पित्ताम्लं बनवून त्याचा निचरा करतं. वय वाढतं तशी ही यंत्रणा मंदावते. यकृत रक्तातलं एलडीएल पूर्वीइतक्या वेगाने उचलत नाही, म्हणून चाळिशी-पन्नाशीत अनेकांच्या रिपोर्टमधले आकडे चढलेले दिसतात.

मेंदूत कोलेस्टेरॉलची ने-आण करतं ते अपोई नावाचं प्रथिन. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की या प्रथिनाच्या जनुकाचा ई४ हा प्रकार असलेल्यांना अल्झायमरचा धोका जास्त असतो. धोका जास्त असतो म्हणजे आजार होणारच, असं नाही. ई४ असलेल्या ग्लिया पेशींमध्ये चरबी साचत जाते, असं त्यानंतरच्या अभ्यासांत दिसलं. १९०७ च्या लेखातली ती नोंद पुन्हा चर्चेत आली. २०२४ मध्ये लॅन्सेटच्या तज्ज्ञगटाने मध्यम वयातलं वाढलेलं एलडीएल डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत धरलं.

यातलं काही बघायला अल्झायमर नव्हते. १९१२ मध्ये ब्रेस्लाऊ विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. तिथे जाताना जडलेल्या आजारातून ते पुरते सावरलेच नाहीत. १९ डिसेंबर १९१५ रोजी त्यांचं निधन झालं. फ्रँकफर्टमध्ये पत्नीच्या शेजारी त्यांना पुरण्यात आलं.

तेव्हा त्यांचं वय ५१ होतं. ऑगस्टे रुग्णालयात आली तेव्हा तिचं होतं, तेवढंच.