जंगल जाळणारा थोरो

हेन्री डेव्हिड थोरो म्हटले की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. पहिली वॉल्डन तळ्याकाठची त्याची झोपडी. त्या पुस्तकाचा अनुवाद दुर्गाबाई भागवतांनी मराठीत केला आहे. दुसरी म्हणजे कायदेभंगावरचा निबंध, जो पुढे दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या वाचनात आला. तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. या निसर्गवेड्या माणसाच्या हातून एकदा तीनशे एकरांहून जास्त जंगल जळून गेले होते.

थोरोचा जन्म 1817 चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कॉन्कॉर्ड गावचा. घरी पेन्सिली बनवण्याचा धंदा होता. हार्वर्डमधून पदवी घेऊन तो गावी परतला आणि थोरला भाऊ जॉन याच्याबरोबर शाळा चालवू लागला. 1842 च्या जानेवारीत दाढीच्या वस्तऱ्याने जॉनचे बोट कापले. जखम किरकोळ होती, पण धनुर्वात झाला आणि काही दिवसांतच तो हेन्रीच्या मिठीत गेला. त्यानंतर हेन्रीचाही जबडा आखडला, तीच सारी लक्षणे दिसू लागली. त्याला मात्र कुठेही जखम नव्हती. दुःख शरीरात कसे उतरते याचे हे उदाहरण मी आमच्या इंटर्न मुलांना अधूनमधून सांगतो.

आगीचा प्रसंग त्यानंतर दोन वर्षांनी, 30 एप्रिल 1844 रोजी घडला. थोरो आणि गावातलाच एक तरुण मित्र एडवर्ड होअर नदीतून होडीने निघाले होते. मासे मिळाले, ते काठावर शिजवायचे ठरले. एका चांभाराकडून काडी मागून घेतली आणि पाइनच्या जुन्या बुंध्यावर चूल पेटवली. बरेच दिवस पाऊस नव्हता, झाडांना अजून पालवी फुटायची होती, जमिनीवर गेल्या वर्षीचे गवत वाळून पडले होते. वणव्याला यापेक्षा जास्त काय लागते? ठिणगी गवतात गेली आणि वाऱ्याने आग टेकडीवर चढवली. होअर होडीने गावाकडे गेला, थोरो रानातून धावत सुटला. वाटेत भेटलेल्या एका शेतकऱ्याने, हे काही आपले रान नाही, म्हणून हात झटकले. दमलेला थोरो शेवटी उंच कड्यावर जाऊन बसला आणि आग पाहत राहिला. गावकरी आल्यावर मात्र तोही फावडी, कुदळी घेऊन त्यांच्यात सामील झाला.

नुकसान दोन हजार डॉलरच्या वर गेले, त्या काळी ही मोठी रक्कम होती. खटला झाला नाही. होअरचे वडील गावातले वजनदार गृहस्थ होते, त्याचा उपयोग झाला असावा. पण लोक विसरले नाहीत. पुढे कित्येक वर्षे थोरोच्या पाठीमागे जंगल जाळणारा म्हणून कुजबुज होत असे. त्याने स्वतः या प्रसंगाबद्दल रोजनिशीत लिहिले ते थेट सहा वर्षांनी, आणि तेही अशा सुरात की जणू वीज पडून आग लागली असावी! हा युक्तिवाद मला पटत नाही. ज्यांचे सरपण आणि इमारती लाकूड गेले, त्यांना विजेचा दाखला देऊन काय उपयोग?

त्याच्या विज्ञानाचे मात्र तसे नाही. आगीनंतरच्या जमिनीकडे तो डोळसपणे पाहत होता. वणव्यात झाडाचे खोड मरते, पण मातीखाली काही इंचांवर उष्णता फारशी पोहोचत नाही. मुळांत पिष्टमय पदार्थांचा साठा शाबूत असतो. त्याच्या जोरावर ओकचे बुंधे नवे कोंभ फेकतात. राखेतली क्षारद्रव्ये आणि मोकळा झालेला सूर्यप्रकाश यांमुळे गवत लगेच हिरवे होते, आणि हकलबेरी, ब्लूबेरीसारखी झुडपे जळक्या जागी उलट जोमाने फळतात. जे झाड बुंध्यातून फुटू शकत नाही त्याला बी बाहेरून यावे लागते.

ते बी येते कुठून, हाच प्रश्न पुढे त्याने धरून ठेवला. पाइनचे बन तोडले की तिथे ओक उगवतात, ओक तोडले तर पाइन, हे शेतकऱ्यांना ठाऊक होते. कारण कळत नव्हते. बियांवाचूनच झाडे उगवतात असे मानणारेही होते. थोरोने पाइनच्या दाट सावलीत वाकून पाहिले, तर ओकची बोटभर रोपे तिथे आधीच उभी! खारी आणि जे पक्षी ओकची फळे आणून पुरतात, त्यातली काही विसरतात. रोपे सावलीत वर्षानुवर्षे खुरटून थांबतात आणि वरचे छत्र गेले की उसळतात. पाइनचे पंखवाले बी वाऱ्यावर येते. 20 सप्टेंबर 1860 रोजी कॉन्कॉर्डच्या शेतकी मेळाव्यात त्याने हे व्याख्यान दिले. समोर बसलेल्यांत वणवा आठवणारेही असणारच.

त्याच डिसेंबरात कडाक्याच्या थंडीत बुंध्यांवरची वर्तुळे मोजताना त्याला सर्दी झाली. ती छातीत उतरली आणि पुन्हा उठू दिलेच नाही. बाह्यरुग्ण विभागात आजही मला सांगतात, डॉक्टर, सर्दी अंगावर काढली म्हणून टीबी झाला. सर्दीने टीबी होत नाही. थोरोच्या घरात क्षय होताच, बहीण हेलन 1849 मध्ये त्यानेच गेली. त्याच्याही फुप्फुसांत जंतू तरुणपणापासून दबून असावेत. भर म्हणून घरच्या कारखान्यातली ग्रॅफाइटची पूड. प्रतिकारशक्ती ढळली की दबलेला जंतू डोके वर काढतो. कॉखला तो जंतू सापडायला अजून वीस वर्षे होती, औषधाला त्याहून कितीतरी अधिक. आज हाच रुग्ण माझ्याकडे आला असता तर थुंकीची तपासणी करून सहा महिन्यांच्या गोळ्या दिल्या असत्या, त्याही मोफत. तेव्हाच्या वैद्यांकडे हवापालट एवढाच उपाय होता. 1861 मध्ये तो मिनेसोटापर्यंत जाऊन आला, गुण आला नाही.

शेवटचे महिने तो अंथरुणावरून धाकटी बहीण सोफिया हिच्या मदतीने हस्तलिखिते लावत होता. 6 मे 1862 रोजी, वयाच्या 44 व्या वर्षी तो गेला. बियांच्या प्रसारावरचे त्याचे मोठे हस्तलिखित अपुरेच राहिले. ते छापून आले 1993 मध्ये. कॉन्कॉर्डच्या रानात कोणते फूल कोणत्या तारखेला उमलले याच्या त्याच्या नोंदी बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी अलीकडे पुन्हा काढल्या आणि त्याच रानात जाऊन ताडून पाहिल्या. तिथली फुले आता सरासरी आठवडाभर आधी उमलतात.