प्रायश्चित्ताच्या वाटेवर : व्हेरिअर एल्विन

रायपूरहून बिलासपूरच्या मार्गाने निघाले की सिलतरा येथील लोखंडाच्या कारखान्यांची धुराडी दृष्टीस पडतात. येथून दूर उत्तरेला, मैकलच्या डोंगरांत, अगरिया नावाचे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या लहान भट्ट्यांत लोखंड गाळीत असत. भट्टीवरील कर, कोळशासाठी लागणाऱ्या लाकडावरील निर्बंध आणि कारखान्यांतील स्वस्त लोखंड यांमुळे त्यांचा धंदा बुडत गेला. 1942 साली त्यांची कैफियत ग्रंथरूपाने मांडली ती एका इंग्रजाने. ते व्हेरिअर एल्विन.

त्यांचा जन्म 29 ऑगस्ट 1902 रोजी इंग्लंडमधील डोव्हर येथे झाला. वडील सिएरा लिओनचे बिशप होते. ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेऊन व्हेरिअर धर्मगुरू झाले आणि 1927 साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले. आपल्या देशबांधवांनी भारतीयांवर केलेल्या अन्यायाची सेवेने अल्पशी भरपाई करावी, ही त्यांची तळमळ होती. गांधीजींच्या सहवासात ती अधिकच दृढ झाली.

जानेवारी 1932 मध्ये शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती मित्रासह ते तत्कालीन मंडला जिल्ह्यातील करंजिया या गावी गोंडांमध्ये राहावयास गेले. तेथे दोघांनी शाळा व दवाखाना चालविला, कुष्ठरोग्यांना आसरा दिला. सेवेच्या मोबदल्यात कोणाचे धर्मांतर करावयाचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. एल्विन यांनी राजनिष्ठेची शपथही नाकारली. नागपूरच्या बिशपांशी मतभेद विकोपास गेले आणि 1935 साली त्यांनी चर्चचा त्याग केला. ख्रिस्ती वाचकाला याचे दुःख वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दीनांच्या दारी जाऊन राहण्याचा धडा ते चर्चमध्येच शिकले होते, हेही विसरता येत नाही.

धरणीमातेच्या छातीवर नांगर चालवू नये, अशी बैगा लोकांची श्रद्धा. सरकारने मात्र त्यांच्या बेवर शेतीला रानटी ठरवून बंदी घातली. एल्विन यांनी 1939 च्या आपल्या ग्रंथात बैगांची बाजू निर्भयपणे मांडली.

त्यांच्या चरित्राला एक काळी कडाही आहे. 1940 साली त्यांनी कोसी या गोंड तरुणीशी विवाह केला. 1949 साली घटस्फोट झाला. त्याची झळ कोसीलाच अधिक सोसावी लागली. ज्या समाजाशी समेट साधावयाचा, त्याच समाजातील आपल्या पत्नीशी त्यांना तो साधता आला नाही.

1954 साली ते भारताचे नागरिक झाले आणि ईशान्य सीमाप्रदेशात शासनाचे आदिवासीविषयक सल्लागार म्हणून काम करू लागले. आदिवासींचा विकास त्यांच्या स्वभावधर्मानुसार व्हावा, बाहेरून काही लादू नये, हा विचार त्यांनी तेथे रुजविला. 22 फेब्रुवारी 1964 रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.

क्षमायाचना शब्दांनी सुरू होते. ती पुरी व्हावयास मात्र शेजार करावा लागतो. आपल्या मंडळीच्या वेशीबाहेर कोणाची वस्ती आहे आणि तिच्याशी आपला शेजार कितपत आहे, हा प्रश्न या जीवनकथेने आपल्याही पुढे ठेवला आहे.