बिघाडाच्या मुळाशी जाणारा अभियंता

सुरुवातीच्या काळातील टाटा सुमो एखाद्या सकाळी दारातच सुरू होईनाशी झाली, तर जाणता मिस्त्री प्रथम डिझेलच्या नळीत हवा शिरली आहे का, हे पाहतो. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून तो हातपंप दाबत राहतो. बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागले, की स्क्रू पुन्हा आवळतो. मात्र हवा शिरली कोठून, ती सैल जोडणी वा चिरलेली नळी सापडेपर्यंत दुरुस्ती पुरी होत नाही. मुळाशी जाण्याची हीच शिस्त ज्यांनी भारतीय वाहन उद्योगाला लावली, त्या सुमंत मूळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या गाडीला नाव मिळाले.

मूळगावकरांचा जन्म १९०६ चा. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्यांनी यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. मायदेशी सिमेंट उद्योगात नाव कमावल्यानंतर १९४९ मध्ये ते 'टेल्को'त आले. १९५४ मध्ये डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूर येथे ट्रकचे उत्पादन सुरू झाले. करार पंधरा वर्षांचा होता. परकीय हात सुटल्यावर नवा भाग कोणी आखायचा आणि सदोष भाग कोणी सुधारायचा, हा प्रश्न त्यांना आधीच दिसत होता.

त्याचे उत्तर पिंपरी-चिंचवडच्या खडकाळ माळावर उभे राहिले. १९६६ च्या सुमारास येथे काम सुरू झाले, तेव्हा मूळगावकरांनी ट्रक बांधण्याची घाई केली नाही. आधी यंत्रे घडविणारी यंत्रे, पत्र्याला आकार देणारे साचे, संशोधन केंद्र आणि तरुण कारागिरांसाठी प्रशिक्षण, असा क्रम त्यांनी लावला. उजाड जमिनीवर झाडे लावली, तळे केले. पुण्यात तयार झालेले पहिले व्यापारी वाहन बाहेर पडायला १९७७ साल उजाडले. एवढी वर्षे पायाभरणीवर खर्च करणे जोखमीचे होते. पण रस्त्यात बंद पडलेला ट्रक म्हणजे चालकाची बुडालेली कमाई आणि खोळंबलेला माल. तो तोटा टाळायचा, तर दोष कारखान्यातच हेरणारी माणसे हवी होती.

या तयारीची कसोटी ऐंशीच्या दशकात लागली. टोयोटा, निसान, माझदा आणि मित्सुबिशी या जपानी कंपन्यांच्या सहकार्याने हलके ट्रक भारतीय बाजारात उतरले. 'टेल्को'ने १९८६ मध्ये स्वतः आखलेली 'टाटा ४०७' आणली आणि ती येथील रस्त्यांवर टिकून राहिली.

मूळगावकर १९८९ मध्ये निवर्तले. सुमो बाजारात आली १९९४ मध्ये आणि २०१९ पर्यंत बनत राहिली. ते ती पाहू शकले नाहीत. मात्र पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पुढे पसरलेल्या वाहन उद्योगाला जे कुशल हात लागले, त्यांतील अनेकांनी पहिले धडे मूळगावकरांनी उभारलेल्या कार्यशाळांतच गिरवले होते.