डॉ. आनंदीबाई जोशी

वैद्यकीच्या आशेने पांढुर्णा-सौंसरहून नागपूरची वाट धरू पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांसाठी हे अल्पचरित्र.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहाच दिवस जगला. तेथूनच त्यांच्या मनाने डॉक्टर होण्याचे घेतले. पती गोपाळराव टपालखात्यात कारकून. पत्नीला शिकविण्यात ते कठोर होते, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. १८७८ साली कोल्हापुराहून त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्यास पाठविलेले पत्र तिकडच्या मासिकात छापले गेले, आणि १८८० साली दंतवैद्याकडे खोळंबलेल्या कार्पेंटरबाईंच्या दृष्टीस पडले. केवढ्या बारीक धाग्यावर पुढील सारे लोंबकळत होते! पत्रे जाऊ-येऊ लागली. दरम्यान बदल्यांमागून बदल्या. बिऱ्हाड हलले, अभ्यास हलला नाही.

फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालच्या श्रीरामपुरात भर सभेत आपल्या जाण्याची कारणे सांगून, एप्रिलात त्या पतीवाचून आगबोटीत बसल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी ११ मार्च १८८६ रोजी मिळाली; क्षयही तेथेच जडला. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्रीविभागावर नेमणूक झाली होती. तेथे रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यास त्यांचे निधन झाले. वय अवघे एकवीस.