लोहमार्गाला सपाट तळ देणारे अभियंते : रॉबर्ट स्टीव्हन्स

आगगाडीचा रूळ आडवा कापला असता वर चाक धावण्यासाठी जाड डोके, मध्ये उभी अरुंद कंबर आणि खाली रुंद सपाट तळ अशी आकृती दिसते. भारतासह जगातील बहुतेक देशांच्या लोहमार्गांवर आज हाच आकार रूढ आहे. १८३० मध्ये अमेरिकेहून इंग्लंडकडे निघालेल्या एका जहाजावर या आकाराचा नमुना लाकडात कोरण्यात आला. तो कोरणारे अभियंते होते रॉबर्ट लिव्हिंगस्टन स्टीव्हन्स. रूळ, त्याला जखडणारा खिळा आणि दोन रूळ सांधणारी पट्टी यांचा एकत्रित विचार करून त्यांनी लोहमार्गाची बांधणी सोपी केली. तथापि, भारतातील अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत हा रूळ दुसऱ्याच एका अभियंत्याच्या नावाने शिकवला जातो.

वडिलांच्या कार्यशाळेत घडलेले अभियंते

रॉबर्ट स्टीव्हन्स यांचा जन्म १८ ऑक्टोबर १७८७ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात होबोकेन येथे झाला. हडसन नदीच्या एका तीरावर न्यूयॉर्क आणि दुसऱ्या तीरावर होबोकेन वसले आहे. त्यांचे वडील कर्नल जॉन स्टीव्हन्स हे वाफेच्या शक्तीने झपाटलेले संशोधक होते. नद्या आणि खाड्यांवर वाफेच्या नौका चालाव्यात आणि जमिनीवर वाफेच्या गाड्या धावाव्यात, हा त्यांचा ध्यास होता. रॉबर्ट यांचे शिक्षण खासगी शिक्षकांकडे झाले. परंतु त्यांची खरी पाठशाळा म्हणजे वडिलांची कार्यशाळा.

१८०९ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांच्यावर पहिली मोठी जबाबदारी आली. न्यूयॉर्कच्या जलमार्गांवर वाफेच्या नौका चालवण्याचा मक्ता रॉबर्ट फुल्टन आणि त्यांच्या भागीदारांकडे होता. त्यामुळे स्टीव्हन्स कुटुंबाने बांधलेल्या ‘फिनिक्स’ या नौकेला तेथे वाव उरला नाही. ही नौका समुद्रमार्गे फिलाडेल्फियाला नेण्याचे ठरले आणि ते काम रॉबर्ट यांनी पार पाडले. खुल्या समुद्रातून प्रवास करणारी पहिली वाफेची नौका म्हणून ‘फिनिक्स’ची नोंद इतिहासात आहे. पुढील दोन दशके रॉबर्ट नौकाबांधणीतच रमले. इंजिने, वल्हेचक्रे आणि नौकांचे सांगाडे यांत त्यांनी अनेक सुधारणा केल्या.

दरम्यान, जॉन स्टीव्हन्स यांनी १८१५ मध्ये न्यू जर्सीच्या विधिमंडळाकडून लोहमार्गाची सनद मिळवली. अमेरिकेतील ही अशा प्रकारची पहिली सनद होती. भांडवलाअभावी तो मार्ग झाला नाही. १८२५ मध्ये त्यांनी होबोकेन येथील आपल्या जागेत वर्तुळाकार मार्गावर वाफेची गाडी चालवून दाखवली. अखेर १८३० मध्ये कॅम्डेन अँड अ‍ॅम्बॉय रेल्वे कंपनीला सनद मिळाली. न्यूयॉर्कजवळचा किनारा आणि फिलाडेल्फियासमोरील कॅम्डेन ही दोन ठिकाणे सुमारे ६० मैलांच्या मार्गाने जोडण्याची ही योजना होती. कंपनीचे अध्यक्षपद आणि मुख्य अभियंतापद रॉबर्ट यांच्याकडे आले.

जहाजावर कोरलेला नमुना

कोणता रूळ वापरावा, हा कंपनीपुढचा पहिला प्रश्न होता. त्या काळी अमेरिकेत लाकडी तुळयांवर लोखंडी पट्टी ठोकून मार्ग तयार करीत. ही रचना स्वस्त होती. पण चाकांच्या भाराने पट्टीचे टोक उचकटून वर येई आणि डब्याच्या तळातून थेट आत घुसे. इंग्लंडमध्ये घडीव लोखंडाचे रूळ वापरात होते. ते भक्कम असले तरी त्यांना स्वतःचा तळ नव्हता. प्रत्येक आधारावर बिडाची एक बैठक बसवावी लागे आणि तिच्यात रूळ पाचरीने घट्ट करावा लागे. इंग्रजीत या बैठकीला ‘चेअर’ म्हणतात. अशा हजारो बैठका अमेरिकेत ओतायच्या किंवा आयात करायच्या, तर खर्च आवाक्याबाहेर जाणार होता. त्या बसवण्यासाठी लागणारे कुशल कारागीरही तेथे दुर्मीळ होते.

संपूर्ण लोखंडी रूळ आणि एक इंजिन खरेदी करण्यासाठी रॉबर्ट स्टीव्हन्स ऑक्टोबर १८३० मध्ये इंग्लंडला निघाले. प्रवासात ते लाकडाचे तुकडे तासून रुळाचे निरनिराळे आकार करून पाहत होते. रुळाच्या खालीच रुंद तळ दिला, तर बैठकीची गरज उरणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. आरंभीच्या आराखड्यात हा तळ केवळ आधाराच्या जागी, दर दोन फुटांवर, रुंद ठेवलेला होता. पुढे रुळाच्या संपूर्ण लांबीत तो सारखाच रुंद ठेवण्याचे ठरले.

नुसता आकार सुचून भागणार नव्हते. असा रूळ आधाराला कसा जखडायचा, याचेही उत्तर त्यांनी शोधले. आकड्यासारखे डोके असलेला लोखंडी खिळा त्यांनी योजला. हा खिळा तळाच्या कडेला लागून ठोकला की त्याचे पुढे आलेले डोके तळाला वरून दाबून धरते. एका रुळाचे टोक दुसऱ्याशी सांधण्यासाठी त्यांनी लोखंडी जिभेची योजना केली. आजच्या ‘फिशप्लेट’चे ते पूर्वरूप मानले जाते. इंग्लंडमध्ये फिशप्लेटचे पेटंट विल्यम ब्रिजेस अ‍ॅडम्स यांनी १८४७ मध्ये, म्हणजे १७ वर्षांनंतर, घेतले. आकड्याचे खिळे यंत्रावर बनवण्याचे पेटंट ट्रॉय येथील कारखानदार हेन्री बर्डन यांनी १८४० मध्ये घेतले.

वेल्समधील कारखान्यात कसोटी

इंग्लंडमध्ये पोहोचल्यावर स्टीव्हन्स यांनी लोखंडाच्या कारखानदारांकडून दर मागवले. प्रतिसाद फारसा उत्साहवर्धक नव्हता. डोके जाड, कंबर बारीक आणि तळ रुंद असा आकार लाटण यंत्रातून काढणे धोक्याचे होते. यंत्राचे लाट तुटले, तर नुकसान कोणी सोसायचे, हा कारखानदारांचा प्रश्न रास्त होता. अखेर वेल्समधील डाउलाइस येथील गेस्ट यांच्या कारखान्याने हे काम हाती घेतले. यंत्राची मोडतोड झाल्यास भरपाई म्हणून स्टीव्हन्स यांनी मोठी रक्कम अनामत ठेवली.

सुरुवातीचे रूळ यंत्रातून सापासारखे वाकडे होऊन बाहेर पडले. जाड आणि पातळ भाग वेगवेगळ्या गतीने थंड होतात, त्यामुळे लोखंड एका बाजूला ओढले जाते. हे रूळ निवल्यावर सरळ करण्याची रीत कामगारांना हळूहळू साधली आणि काम मार्गी लागले.

‘शार्लमेन’ या जहाजातून आलेली ५५० रुळांची पहिली खेप १६ मे १८३१ रोजी फिलाडेल्फियाला उतरली. प्रत्येक रूळ १८ फूट लांब होता आणि त्याचे वजन दर यार्डाला ३६ पौंड, म्हणजे दर मीटरला सुमारे १८ किलोग्रॅम होते. एवढ्या रुळांत एक मैलाचा एकेरी मार्गही पुरा होत नव्हता. भारतीय रेल्वेच्या मुख्य मार्गांवर आज दर मीटरला ६० किलोग्रॅम वजनाचे रूळ असतात. वजनात तिपटीहून अधिक वाढ झाली. डोके, कंबर आणि तळ ही रचना मात्र कायम राहिली.

दगड उशिरा आले, लाकूड टिकले

रूळ आले, पण ते कशावर ठेवायचे, हा प्रश्न होता. त्या काळच्या समजुतीनुसार उत्तम मार्ग म्हणजे दगडी ठोकळ्यांवर बसवलेला मार्ग. न्यूयॉर्क राज्यातील सिंग सिंग तुरुंगातून असे ठोकळे मागवण्यात आले. त्यांचा पुरवठा संथ होता. काम खोळंबू नये म्हणून स्टीव्हन्स यांनी मार्गाच्या काही भागात लाकडी ओंडके आडवे टाकण्यास सांगितले आणि त्यांवर आकड्याच्या खिळ्यांनी रूळ ठोकण्यात आले. दगड येईपर्यंतची ही तात्पुरती सोय होती.

प्रत्यक्षात लाकडावरचा मार्ग अधिक चांगला असल्याचे आढळून आले. गाडीचा हादरा लाकूड शोषून घेई. याहून महत्त्वाचे म्हणजे एकच ओंडका दोन्ही रुळांखालून जात असल्याने त्यांच्यामधील अंतर कायम राही. सुटे दगडी ठोकळे हिवाळ्यात जमीन गोठली की हलत आणि दोन रूळ एकमेकांपासून फाकत. पुढे लाकडी स्लीपर हीच अमेरिकी लोहमार्गांची ओळख बनली. सपाट तळाचा रूळ, लाकडी स्लीपर आणि आकड्याचा खिळा एवढ्या सामग्रीवर, घण चालवता येणाऱ्या सामान्य मजुरांच्या बळावर त्या देशात हजारो मैलांचे मार्ग टाकले गेले.

‘जॉन बुल’ इंजिन आणि पहिला अपघात

याच दौऱ्यात स्टीव्हन्स यांनी न्यूकॅसल येथील रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कारखान्याला एका इंजिनाची मागणी दिली होती. पुढे ‘जॉन बुल’ या नावाने प्रसिद्ध झालेले हे इंजिन १८३१ मध्ये सुट्या भागांच्या स्वरूपात अमेरिकेत पोहोचले. आयझॅक ड्रिप्स या तरुण यंत्रकाराने त्याची जुळणी केली. त्याने त्यापूर्वी एकही आगगाडीचे इंजिन पाहिलेले नव्हते. १२ नोव्हेंबर १८३१ रोजी बॉर्डेनटाउन येथे विधिमंडळाच्या सदस्यांसमोर ते चालवून दाखवण्यात आले. अमेरिकी मार्गावरील वळणे या इंजिनाला मानवत नव्हती. म्हणून नंतर त्याच्यापुढे चाकांची एक लहान जोडगाडी बसवण्यात आली.

मार्गाचा पहिला टप्पा १८३२ मध्ये, तर कॅम्डेनपर्यंतचा टप्पा १८३४ मध्ये खुला झाला. त्याआधी ८ नोव्हेंबर १८३३ रोजी हाइट्सटाउनजवळ एका डब्याचा आस तुटून अपघात झाला आणि त्यात दोन प्रवाशांचा मृत्यू ओढवला. प्रवाशांचा बळी घेणारा अमेरिकेतील हा पहिला रेल्वे अपघात मानला जातो. पुढे रेल्वेसम्राट म्हणून ख्यातनाम झालेले कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट या अपघातात गंभीर जखमी झाले, तर माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स सुखरूप बचावले.

अपुरी राहिलेली चिलखती नौका

आयुष्याच्या उत्तरार्धात स्टीव्हन्स यांचे लक्ष पुन्हा नौकांकडे वळले. तोफगोळ्यांना दाद न देणारी लोखंडी चिलखताची वाफेची युद्धनौका बांधण्याचा प्रस्ताव त्यांनी आणि त्यांच्या बंधूंनी अमेरिकी सरकारपुढे ठेवला. १८४२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याला मंजुरी दिली. मात्र तोफांची ताकद वाढत गेली, तसतसे चिलखत जाड करावे लागले आणि आराखडा पुनःपुन्हा बदलावा लागला. २० एप्रिल १८५६ रोजी होबोकेन येथे वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी स्टीव्हन्स यांचे निधन झाले, तेव्हा ही नौका अपूर्णच होती. ते अविवाहित होते. त्यांचे बंधू एडविन यांनी नौका पूर्ण करण्यासाठी प्रयत्न केले आणि मृत्युपत्रात पैसाही ठेवला. तरी ती कधीही पाण्यात उतरली नाही. १८८१ मध्ये ती मोडीत निघाली. एडविन यांच्याच देणगीतून १८७० मध्ये होबोकेन येथे स्टीव्हन्स तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली.

भारतातील मार्ग आणि नावाचा प्रश्न

सपाट तळाच्या रुळाचा पुरस्कार इंग्लंडमध्ये १८३० च्या दशकाच्या उत्तरार्धात चार्ल्स ब्लॅकर विग्नोल्स या अभियंत्याने केला. त्यांच्या प्रयत्नांतून हा रूळ युरोपात पसरला आणि तेथे तो विग्नोल्स रूळ म्हणूनच ओळखला जाऊ लागला. भारतातील अभियांत्रिकी शिक्षण ब्रिटिश परंपरेतून आले, त्यामुळे आपल्या पाठ्यपुस्तकांतही तेच नाव रुजले. विग्नोल्स यांचे कार्य मोठे आहे, यात शंका नाही. परंतु स्टीव्हन्स यांचे रूळ त्यापूर्वीच न्यू जर्सीत टाकले गेले होते, हेही तितकेच खरे.

भारतात सुरुवातीच्या काळात बैठकीत बसवायचे दुहेरी डोक्याचे रूळ वापरले जात. कालांतराने त्यांची जागा सपाट तळाच्या रुळांनी घेतली. आधाराचा प्रश्न मात्र येथे अधिक बिकट होता. उष्ण आणि दमट हवेत लाकूड कुजते आणि वाळवीही त्याचा फडशा पाडते. म्हणून धातूच्या स्लीपरचे प्रयोग भारतात मोठ्या प्रमाणावर झाले. उपडे ठेवलेल्या भांड्यासारखे बिडाचे स्लीपर एकोणिसाव्या शतकात वापरात आले. प्रत्येक रुळाखाली वेगळे भांडे असल्याने त्यांना लोखंडी दांड्याने जोडून दोन रुळांमधील अंतर राखावे लागे. सुट्या दगडी ठोकळ्यांनी न्यू जर्सीत जी अडचण निर्माण केली होती, तिच्यावरचाच हा उपाय होता. विसाव्या शतकात सीएसटी-९ हा बिडाचा स्लीपर आणि पन्हळीच्या आकाराचा पोलादी स्लीपर यांचा प्रसार झाला. त्यानंतर पूर्वताणित काँक्रीटचे स्लीपर आले आणि ठोकलेल्या खिळ्याच्या जागी स्प्रिंगसारखी लवचीक क्लिप बसवली जाऊ लागली. ही क्लिपही रुळाचा तळ वरून दाबून धरते. आकड्याच्या खिळ्याकडून स्टीव्हन्स यांनी हेच काम करून घेतले होते.

‘जॉन बुल’ हे इंजिन वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेने जतन केले आहे. १८८१ मध्ये मोडलेल्या युद्धनौकेच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. १५ सप्टेंबर १९८१ रोजी, दीडशे वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त, हे इंजिन स्वतःच्या वाफेवर पुन्हा चालवण्यात आले, तेव्हा ते सपाट तळाच्या रुळांवरूनच धावले.