सात मोटारी आणि दादरची चाळ
मास्टर भगवान : वैभव, कर्ज आणि विक्रीचा निर्णय

आठवड्याचे वार सात आणि दाराशी उभ्या असलेल्या मोटारीही सात. रोज नवी मोटार घेऊन चित्रीकरणाला निघणारा हा कलावंत कोणा संस्थानिकाच्या घरात जन्मलेला नव्हता. तो गिरणी कामगाराचा मुलगा होता. भगवान आबाजी पालव हे त्याचे नाव. हिंदी चित्रपटसृष्टीने त्याला मास्टर भगवान म्हटले आणि पुढे तो सर्वांचाच भगवानदादा झाला. कष्टातून मिळवलेल्या या मोटारी कर्जापायी विकण्याची वेळ त्यांच्यावर आली. ते वैभव जितके सांगितले जाते, तितका त्यामागचा हिशेब सांगितला जात नाही.

भगवानदादांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीत झाला. त्याच वर्षी मे महिन्यात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत झळकला होता. त्या चित्रपटासाठी सरस्वतीबाई फाळके यांचे दागिने गहाण पडले होते. म्हणजे या धंद्याचा आरंभच घरातील चीजवस्तू पणाला लावून झाला होता. पालव कुटुंब मुंबईत दादर भागात राहत होते. भगवानदादांनी तरुणपणी मजुरीही केली. पण ओढ होती ती पडद्याची. मूकपटांत लहानमोठी कामे करत त्यांनी स्टुडिओत पाऊल रोवले आणि बोलपट आल्यावर ते तिथेच टिकले.

कामगारांचा नायक

१९३८ मध्ये 'बहादुर किसान' या चित्रपटाच्या सहदिग्दर्शनाची संधी त्यांना मिळाली. पुढील दहा-अकरा वर्षे त्यांनी मारधाडीचे, कमी खर्चाचे चित्रपट भराभर काढले. कामगार वस्तीतील प्रेक्षक हा त्यांचा हक्काचा प्रेक्षक होता. १९४१ मध्ये त्यांनी 'वनमोहिनी' हा तमिळ चित्रपटही दिग्दर्शित केला. १९४२ मध्ये ते निर्माते झाले. चेंबूरला जागा घेऊन त्यांनी १९४७ मध्ये स्वतःचा जागृती स्टुडिओ उभारला.

मारधाडपट सोडून सामाजिक चित्रपट काढावा, असा सल्ला राज कपूर यांनी त्यांना दिला. त्यातून १९५१ मध्ये 'अलबेला' आला. बहिणीच्या लग्नाच्या पैशांवरून घराबाहेर पडलेला, रंगभूमीचे स्वप्न पाहणारा प्यारेलाल भगवानदादांनी स्वतः रंगवला. समोर गीता बाली होत्या आणि संगीत होते त्यांचे जुने स्नेही सी. रामचंद्र यांचे. नायकाला साजेसा देखणा चेहरा नसलेला, ठेंगणा आणि स्थूल असा हा माणूस थोडेसे हात हलवून, पाय अलगद टाकून नाचला आणि सारा देश त्याच्याबरोबर नाचू लागला. त्या वर्षी सर्वाधिक कमाई करणाऱ्या चित्रपटांत 'अलबेला'ची गणना झाली. जुहूला समुद्रासमोरचा पंचवीस खोल्यांचा बंगला आणि सात मोटारींचा ताफा ही या सुबत्तेची खूण ठरली.

कर्जाचे गणित

पुढचा 'झमेला' १९५३ मध्ये आला. पण 'अलबेला'ची जादू परत साधली नाही. किशोर कुमार यांना घेऊन त्यांनी 'हँसते रहना' हा चित्रपट सुरू केला आणि त्यासाठी जवळचे सारे पणाला लावले. हा चित्रपट पूर्ण झालाच नाही.

अपुरा चित्रपट हा पडलेल्या चित्रपटापेक्षाही महाग पडतो. पडलेला चित्रपट निदान लहान गावांतून फिरून काही पैसे परत आणतो. अपुऱ्या चित्रपटाला वितरक पुढचा हप्ता देत नाही, चित्रित झालेल्या फितीला कोणी किंमत देत नाही आणि सावकाराचे व्याज मात्र एक दिवसही थांबत नाही. अशा वेळी निर्मात्याकडे विकण्याजोगे उरते ते घर, जमीन आणि मोटारी.

मोटारीचा प्रश्न त्या काळी आणखी अवघड होता. चित्रपटाच्या धंद्यात मोटार ही पतही असते. दाराशी मोटार आहे तोवर भांडवल पुरवणारा दार ठोठावतो. मोटार गेली की बातमी साऱ्या स्टुडिओंत पसरते. शिवाय स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींच्या आयातीवर निर्बंध आले. मुंबईत मोटारींची जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये हे काम थांबवले. त्यामुळे एकदा विकलेली विलायती मोटार पुन्हा घेणे दुरापास्त झाले होते. दुसऱ्या बाजूला, पेट्रोल, कर आणि चालकाचा पगार यांवर खर्च होतच राहतो. मोटारीची किंमत वर्षागणिक घटते आणि कर्ज वर्षागणिक वाढते. ठेवली तर दोन्हीकडून तोटा, विकली तर नाव जाते, असा हा पेच होता.

भगवानदादांचा बंगला विकला गेला. साती मोटारीही गेल्या. १९६६ मध्ये 'लबेला' काढून त्यांनी आणखी एक प्रयत्न केला. पण तोही अपयशी ठरला. जुहूचा समुद्र मागे पडला आणि ते दादरच्या चाळीतील लहानशा घरात राहू लागले. ज्या कामगार वस्तीने त्यांना मोठे केले, तिथेच ते परतले.

कामाला नकार नाही

१९५५ मध्ये 'झनक झनक पायल बाजे' आणि १९५६ मध्ये 'चोरी चोरी' या चित्रपटांतून ते सहायक भूमिकांत दिसले होते. पुढे भूमिका आणखी लहान होत गेल्या. कधी एका गाण्यापुरते, कधी गर्दीतल्या एका चेहऱ्याएवढेच काम त्यांच्या वाट्याला आले. स्टुडिओचा मालक राहिलेल्या माणसाने ते कामही नाकारले नाही. त्यांच्या सुरुवातीच्या बहुतेक चित्रपटांच्या फिती गोदामाला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. त्यामुळे त्यांच्या उमेदीच्या वर्षांचा पुरावाही फारसा उरला नाही. 'अलबेला' मात्र आजही पाहायला मिळतो.

४ फेब्रुवारी २००२ रोजी दादर येथील राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये 'एक अलबेला' या मराठी चित्रपटात मंगेश देसाई यांनी त्यांची भूमिका केली आणि नव्या पिढीला त्यांची ओळख झाली. अमिताभ बच्चन यांच्यासारख्या नटाच्या नाचावरही त्यांच्या शैलीची छाप दिसते.

भगवानदादांच्या मोटारी पुढे कोणाच्या दारी गेल्या, याची आज कोणी चौकशी करत नाही. पण सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावी लग्नाची वरात निघते, बँड वाजू लागतो आणि नाचता न येणारा एखादा काका दोन्ही हात हलवत, पाय अलगद टाकत पुढे सरकतो. ती चाल भगवानदादांची आहे. ती कोणाकडे गहाण पडली नव्हती आणि कोणत्याही कर्जापायी विकावीही लागली नाही.