हिल्डे मांगोल्ड
हिल्डे मांगोल्ड (माहेरचे आडनाव प्रोशोल्ट, जन्म: २० ऑक्टोबर १८९८, गोथा, जर्मनी, मृत्यू: ४ सप्टेंबर १९२४) या जर्मन भ्रूणशास्त्रज्ञ होत्या. भ्रूणातील पेशींचा एक लहानसा समूह शेजारच्या पेशींना त्यांचे भवितव्य ठरवून देतो, हे त्यांनी न्यूट या सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या भ्रूणांवर प्रयोग करून दाखवले. या समूहाला पुढे 'संघटक' हे नाव रूढ झाले. या शोधासाठी त्यांचे मार्गदर्शक हान्स श्पेमान यांना १९३५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी मांगोल्ड यांच्या निधनाला अकरा वर्षे झाली होती.

शिक्षण
हिल्डे यांच्या वडिलांचा साबणाचा कारखाना होता. येना येथे सुरुवातीचे शिक्षण घेऊन त्या फ्रांकफुर्ट विद्यापीठात गेल्या. तेथे प्रायोगिक भ्रूणशास्त्रावरील श्पेमान यांचे व्याख्यान त्यांनी ऐकले आणि १९२० मध्ये त्या फ्रायबुर्ग येथे त्यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. व्हिक्टर हाम्बुर्गर आणि योहानेस होल्टफ्रेटर हे त्यांचे तेथील सहाध्यायी. श्पेमान यांनी त्यांना प्रथम हायड्रा हा जलचर उलटा करून पाहण्याचा अठराव्या शतकातील एक प्रयोग पुन्हा करण्यास सांगितले होते. त्यात यश न आल्याने त्यांना नवा विषय मिळाला.

संघटकाचा प्रयोग
गॅस्ट्रुला अवस्थेतील न्यूटच्या भ्रूणावर ब्लास्टोपोर नावाचे एक छिद्र दिसते. त्या छिद्राच्या वरच्या ओठाचा तुकडा दुसऱ्या भ्रूणात रोवल्यास तेथे मज्जासंस्थेचा आरंभ दिसतो, हे श्पेमान यांना आधीच आढळले होते. मात्र दोन्ही भ्रूण एकाच जातीचे असल्याने नवी रचना रोवलेल्या तुकड्यापासून बनली की यजमानाच्या पेशींपासून, हे सांगता येत नव्हते. याच पेचावर पुढचे सारे अवलंबून होते. उपाय साधा होता: दाता फिकट रंगाच्या जातीचा घ्यायचा आणि यजमान रंगद्रव्य असलेल्या जातीचा, म्हणजे कोणती पेशी कोणाची हे सूक्ष्मदर्शकाखाली रंगावरूनच ओळखता येईल.

उपाय साधा असला तरी काम अत्यंत कठीण होते. जेमतेम दीड-दोन मिलिमीटरच्या भ्रूणावर बारीक काचेच्या सुया आणि केसाचे फासे वापरून शस्त्रक्रिया करावी लागे. न्यूटची अंडी फक्त वसंत ऋतूत मिळत आणि प्रतिजैविके उपलब्ध नसल्याने बहुतेक भ्रूण जंतुसंसर्गाने मरत. १९२१ आणि १९२२ या दोन हंगामांत मांगोल्ड यांनी शेकडो रोपणे केली; निबंधात मांडता येतील असे भ्रूण अखेर बोटांवर मोजण्याइतकेच उरले. पण त्यांतील उत्तम नमुन्यांत यजमानाच्या पोटाच्या बाजूला दुसरा भ्रूण आकार घेत होता. त्याचा नोटोकॉर्ड मुख्यतः रोवलेल्या फिकट पेशींचा होता. चेतानलिका मात्र जवळजवळ पूर्णपणे यजमानाच्या रंगीत पेशींची होती. एरवी त्वचा झाल्या असत्या अशा पेशींकडून परक्या तुकड्याने मज्जासंस्था घडवून घेतली होती.

प्रबंध, श्रेय आणि मृत्यू
१९२१ मध्ये त्यांचा विवाह श्पेमान यांचे सहायक ओटो मांगोल्ड यांच्याशी झाला. १९२३ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि १९२४ मध्ये प्रबंधावर आधारित निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर श्पेमान यांचे नाव प्रथम आणि हिल्डे यांचे नंतर आहे. प्रयोगशाळेतील इतर काही विद्यार्थ्यांचे प्रबंध केवळ त्यांच्याच नावाने छापले गेले होते आणि हा भेद हिल्डे यांना खटकला होता, असे हाम्बुर्गर यांनी नंतर नोंदवले. प्रश्न आणि पद्धत श्पेमान यांची होती, हेही तितकेच खरे. पण ज्या नमुन्यांवर तो प्रश्न सुटला, ते हिल्डे यांच्या हातचे होते.

त्याच वर्षी पतीच्या नव्या पदामुळे हे कुटुंब बर्लिनला गेले. त्यानंतर काही महिन्यांतच स्वयंपाकघरातील हीटरच्या स्फोटात गंभीर भाजून हिल्डे यांचा मृत्यू झाला. त्या २५ वर्षांच्या होत्या. मुलगा तान्हा होता. नोबेल पारितोषिक मरणोत्तर देण्याची प्रथा नसल्याने १९३५ मध्ये त्यांच्या नावाचा विचार होऊ शकला नाही.

संकेताचा शोध
संघटक नेमका कोणता संकेत देतो, हा प्रश्न मांगोल्ड यांच्या प्रयोगाने पुढील पिढ्यांवर सोपवला. १९३२ मध्ये मारून टाकलेला संघटकही परिणाम घडवतो असे आढळले, तेव्हा हा संकेत रासायनिक असावा असे दिसू लागले. मात्र प्रवर्तन घडवणारे इतके असंबद्ध पदार्थ सापडत गेले, की शोध भरकटला आणि कित्येक दशके रेंगाळला. १९९० च्या दशकात आफ्रिकी बेडकाच्या भ्रूणात संघटकातून स्रवणारी 'नॉगिन' व 'कॉर्डिन' ही प्रथिने सापडली. त्यांचे कार्य अनपेक्षित निघाले: ती पेशींना मज्जापेशी होण्याचा आदेश देत नाहीत. भ्रूणातील 'बीएमपी' नावाची प्रथिने बाह्यस्तरातील पेशींना त्वचा बनण्याचा संकेत देत असतात. नॉगिन आणि कॉर्डिन त्यांना चिकटून तो संकेत रोखतात, आणि अडथळा दूर झालेल्या पेशी मज्जासंस्थेकडे वळतात.